एका बोटाचा सौदा

घोडेगावच्या बैलबाजारात मी तीस वर्षे सौदे केले, पण मला सौद्यात आडवा पाडणारा माणूस एकच भेटला, आणि त्याने आयुष्यात साधी शेळीसुद्धा विकत घेतली नव्हती. तो माणूस म्हणजे आमचे व्याही, माझ्या थोरल्या सुनेचे वडील. असा माणूस नगर जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि देवाला या जिल्ह्याची थोडी जरी काळजी असेल तर पुढेही होणार नाही. व्याही जाऊन आता बरीच वर्षे झाली. गेलेल्या माणसाविषयी चांगले बोलावे म्हणतात. मी खरे तेच बोलणार आहे; त्यात चांगले किती निघते ते तुम्हीच बघा.

व्याही भिंगारचे. तिथल्या छावणीत शिधा वाटण्याच्या कामावर त्यांची सगळी नोकरी गेली. गोऱ्या शिपायाला पाव किती, आपल्या शिपायाला आटा किती, खेचराला हरभरा किती, हे सगळे त्यांच्या हातून तागडीत पडायचे. नोकरी संपली, कोट जुना झाला, मिशा पांढऱ्या झाल्या, पण तागडी काही डोक्यातून उतरली नाही. आम्ही बाजारात जनावराचे दात बघतो. हे माणसांच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघत. राम राम घालायला कुणी हात जोडले की यांचा अंगठा त्याच्या डोळ्याखाली पोचलेला असायचा. आमच्या गावच्या पाटलांपुढे लोक पायातले काढून उभे राहत. त्या पाटलांची पापणी पहिल्याच भेटीत ओढून व्याही म्हणाले, "रक्त कमी आहे. पालेभाजी खाता का?" पाटील म्हणाले, "पालेभाजी शेळ्या खात्यात." व्याही म्हणाले, "म्हणून त्या टेकडी चढतात, आणि तुम्हाला ओटा चढताना धाप लागते." पाटलांना धाप लागत होती हे खरे होते. त्यामुळे पाटील फारच चिडले, आणि त्यांना शांत करता करता मला धाप लागली.

"कसं काय, बरं आहे ना?" हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाही. ते विचारत, "काल दोन्ही वेळेला काय खाल्लं?" आणि सांगावे लागे, कारण ते कोटाचे बटण धरून ठेवत. कोटाच्या उजव्या खिशात ओल्या फडक्यात बांधलेली मोडाची मटकी असे. खिसा कायम ओला. थंडीच्या दिवसांत मोटारीत त्यांच्या शेजारी बसणारा माणूस उतरताना अर्ध्या बाजूने भिजलेला असायचा. भाजी शिजवलेले पाणी फेकताना दिसले की ते कळवळत, आणि सरळ भांडे तोंडाला लावत. एकदा कोल्हारला एका सोयरिकीच्या बोलण्यांना आम्ही दोघे गेलो. मुलीकडच्यांनी पाट मांडले, पान-सुपारी आली. यांनी आत जाऊन विचारले, "तांदूळ घरी कांडता का गिरणीचा?" मुलीच्या बापाने मोठ्या ऐटीत सांगितले, "गिरणीचा, पांढराफेक!" व्याही बाहेर येऊन माझ्या कानात म्हणाले, "कोंडा जनावरांना आणि पांढरा चोथा माणसांना. जनावरं सुखी आहेत, सोयरीक गोठ्याशी करा." कानात म्हणाले खरे, पण छावणीत कवायतीच्या आवाजात बोलायची सवय. पुढच्या आळीत ऐकू गेले. ती सोयरीक मोडली.

आम्ही बैलांचे वय दातांवरून लावतो: दुधाच्या दातांचा तो आदत, मग दोन दाती, चार दाती, आणि सगळे दात आलेला तो जुळलेला. तसे व्याह्यांनी सगळ्या मनुष्यजातीचे भाग पाडून ठेवले होते. अंगावरचे मूल: आईचे दूध, आणि आईला दुप्पट खाणे. दात आलेले: मऊ खिमट, वरणाचे पाणी, कुस्करलेले केळे. पळते पोर: उसळ, दूध, शेंगदाणे-गूळ, आणि दिवसभर काही ना काही. वयात आलेली मुलगी: पालेभाजी, "आणि तिला ताटातलं उरलेलं नव्हे, ताटातलं पहिलं." कामाचा गडी: पोटभर. पन्नाशीपुढचा: थोडे थोडे, चार वेळा, तळलेले बंद, गोड नावापुरते. एका तेराव्याच्या पंगतीत लाडवांवर तुटून पडलेल्या म्हाताऱ्यांना त्यांनी हात जोडून सांगितले होते, "मंडळी, जेवा, पण पुढच्या तेराव्याची तयारी इथंच करू नका." माणूस चुकीचे बोलत नसे. हीच त्यांची खोड होती. चुकीचे बोलणाऱ्याशी निदान भांडता येते.

आता माझे दुखणे सांगतो. लग्नात वरबापाचा मान काय असतो हे मराठी माणसाला सांगायला नको. मी दुसऱ्याचे बैल हाकत बाजारात आलो, अनवाणी. पुढे स्वतःची दावण झाली. थोरल्या मुलाचे लग्न म्हणजे मी आयुष्यात काय केले ते चारचौघांनी बघायचा दिवस. वीस गाड्या वऱ्हाड घेऊन मी भिंगारला गेलो. लढाईचे दिवस, साखर कंट्रोलमध्ये, त्यामुळे जिलबीची आशा मीही धरली नव्हती. पण मांडवाच्या तोंडाशी व्याही हातात कागद घेऊन उभे, आणि छावणीत शिधा पुकारतात तसे पुकारायला लागले, "पहिली पंगत, लेकुरवाळ्या, पोटुशा बाया आणि लहान मुलं! दुसरी पंगत, अंगमेहनतीची माणसं! तिसरी पंगत, पन्नाशीपुढचे!"

मला वाटले, वरबाप या सगळ्याच्या वर असेल. मी पुढे झालो. त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिले आणि नम्रपणे तिसऱ्या पंगतीकडे हात केला. माझे वय तेव्हा अठ्ठेचाळीस. पुढे ते म्हणाले, "केसांवरून धरलं. चूक झाली असेल." माझ्या गाड्या हाकणारे गडी माझ्याआधी जेवले! ढेकर देत बाहेर आले, आणि त्यातला एक मला म्हणाला, "शेठ, जावा आता, जागा झाली." आत गेलो तर तिसऱ्या पंगतीला वेगळे वाढप: मऊ भात, मुगाचे वरण, ताक, गूळ-शेंगदाण्याचा एक लाडू, आणि दुधी भोपळा. दुधी भोपळा! वरबापाच्या पानात! माझे सगळे दात शाबूत असताना! वाढपी म्हणाला, "तिखट बेतानं टाकलंय, पोटाला बरं." मी उठणार होतो, पण भूक लागली होती. जेवलो. त्या जेवणाने मात्र वर्षभर बाजारात माझी पाठ सोडली नाही. भाजीच्या पालापुढून गेलो की कुणीतरी हाक मारायचे, "शेठ, दुधी कवळा हाय, देऊ का?" मी त्या दिवशीच मनाशी ठरवले, या माणसाचा हिशेब एकदा चुकता करायचा.

संधी लवकर आली. सुनेला दिवस गेले. पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत. मुलीचा बाप सातव्या महिन्यात न्यायला येतो. ती रीत मोडून "मुलगी पाठवत नाही" म्हणणे म्हणजे बापाच्या तोंडात मारण्यासारखे. मला नेमके तेच करायचे होते.

व्याही आले ते, पेट्रोल मिळत नसल्याने कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीतून, तोंडाला काजळी, खिशात मटकी. सुनेने पायावर डोके ठेवले. ती उठताच त्यांचा अंगठा तिच्या डोळ्याखाली गेला. पापणी आतून पांढरी होती, चुना फासल्यासारखी. मीही पाहिली. तिची नखेही त्यांनी उलटी करून पाहिली. मग पाणी प्यायले आणि ओट्यावर येऊन बसले.

आमच्याकडे चाल अशी होती की आधी बाप्ये जेवत, मग मुले, मग बाया, आणि सगळ्यात शेवटी सून. त्यातून पोटुशी बाई जास्त जेवली तर मूल मोठे होते आणि सुटका अवघड होते, हे माझ्या कारभारणीचे म्हणणे. तिच्या सासूचे, म्हणजे माझ्या आईचेही तेच. दूध घरचे होते, पण ते चहाला आणि पाहुण्यांना जायचे. अंडे उष्ण. पालेभाजीने पोट बिघडते. राहिली काय, तर भाकरीची चतकोर आणि मिरचीचा ठेचा. कारभारीण काही दुष्ट नव्हती. ती म्हणाली, "मला बी असंच ठिवलं हुतं. झाली न्हाईत का चार पोरं?"

मी ओट्यावर बसून आवाज चढवला. "व्याही, मुलगी येणार नाही. बाळंतपण आमच्याकडं होईल." ओट्यावर आमचा दलाल गफूरभाई होता; त्याच्यादेखतच मला बोलायचे होते. व्याह्यांचा चेहरा पडला. मला बरे वाटले. ते म्हणाले, "बरं. जरा दावण तरी दाखवा."

दावण दाखवा म्हटल्यावर मी सगळे विसरतो. घेऊन गेलो. एक तांबडी गाय उभी होती, चार दिवसांनी बाजारात न्यायची. व्याही म्हणाले, "ही कितव्या महिन्याची?"

"सातव्या."

"अंग छान धरलंय. खायला काय?"

मी सांगत सुटलो. सरकी, शेंगदाण्याची पेंड, ज्वारीचा भरडा, हिरवा घास, गूळ, मिठाचा खडा. "आणि हे आता. पुढल्या दोन महिन्यांत आणखी वाढवायचं."

"वाढवायचं? वासरू मोठं होऊन गाय अडायची नाही?"

मी हसलो. एवढे अडाणी! "व्याही, वासरू शेवटच्या दोन महिन्यांतच अंग धरतं. तेव्हा गाईला नाही घातलं तर ते गाईच्या हाडांतून ओढून घेतं. मग गाय बसते, उठत नाही. हे पोरसोरसुद्धा सांगेल. उपाशी गाय म्हणजे मालकाचा मूर्खपणा."

"असं," व्याही म्हणाले. "आणि सून?"

गफूरभाई आमच्यामागून आला होता. त्याने एकदम आभाळाकडे बघायला सुरुवात केली. मी ओरडलो, "माझ्या घरी येऊन माझ्या सुनेला गाईत काढता?"

व्याह्यांनी हात जोडले. "काढत नाही, व्याहीबुवा. गाईत काढा म्हणून हात जोडतोय."

गोठ्याच्या दारात कारभारीण पाणी घेऊन आली होती. ती तशीच उभी राहिली. मी रागाने डोक्यावरचा रुमाल काढून गव्हाणीवर आपटला. व्याह्यांनी तो उचलला, झटकला, आपल्या उजव्या हातावर पसरला आणि हात माझ्यापुढे केला. "मुलगी ठेवा तुमच्याकडं. माझा मान गेला तर गेला. पण सौदा करा."

ज्यांनी बैलबाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमचा भाव तोंडाने होत नाही. रुमालाखाली हातात हात घालायचा आणि बोटे दाबायची. जितकी बोटे तितका आकडा. भोवतीच्यांना कळत नाही. पुढे आलेला हात मात्र नाकारता येत नाही. गफूरभाई म्हणाला, "शेठ, रुमाल पडलाय. आता मागं सरू नका, बाजारात त्वांड दाखवता यायचं न्हाई."

मी हात घातला. व्याही म्हणाले, "दूध," आणि दोन बोटे दाबली. रोज दोन शेर! मी झटक्यात एक दाबले. "भाकरी," आणि आधी पाच, मग एक, म्हणजे सहा. मी तीन. "अंडी," दोन. मी एक. "पालेभाजी," दोन्ही वेळेला. मी एक वेळ. समोरचा मागेल त्याचे निम्मे करायचे, हा माझा तीस वर्षांचा नेम. आवाज चढत होता, हात घामेजले होते, आणि खरे सांगतो, मला मजा यायला लागली होती. मग ते म्हणाले, "पंगत," आणि एकच बोट दाबले. तर्जनी. घट्ट. पहिली पंगत, सून पहिल्या पंगतीला जेवणार.

मी निम्मे करायला गेलो आणि अडकलो. एका बोटाचे निम्मे करायची रीत आमच्या धंद्यात नाही. कारभारीण दारातून म्हणाली, "आवं, द्या की आता. किती येळ त्यांचा हात धरून बसताय?"

मी बोट दाबले. पण मोकळे सोडले नाही. बदल्यात अट घातली. बारशाला व्याह्यांनी आमच्याकडे यायचे, मी वाढीन ते सगळे खायचे, आणि पंगत उठेपर्यंत एक अक्षर बोलायचे नाही. ते कबूल झाले. त्यांना मोटारीवर सोडून मी छाती काढून परत आलो, तर सून हसू दाबत होती. दटावल्यावर म्हणाली, "मामंजी, दादा निघताना मला म्हनले, तुझे सासरे निम्मं करत्यात, म्हनून मी दुप्पट मागितलं."

मला त्या वेळी हाताशी येईल ती वस्तू फेकावीशी वाटली. पण शब्द तो शब्द. दूध सुरू झाले. पहिल्या पंगतीला माझ्या समोर सून बसायला लागली. पहिले आठ दिवस ती लाजून जेवेना आणि मी लाजून जेवेना. कारभारीण बडबडत वाढायची. पण महिनाभराने सुनेच्या पापणीकडे तीच चोरून बघताना मला दिसली. दोन महिन्यांनी मुलगी झाली, गुबगुबीत, अंगठा चोखत आलेली. बाई अडली नाही. सुईण म्हणाली, "माय बी टणक, लेक बी टणक."

बारशाला मी सूड उगवला. पुरणपोळ्या केल्या, तुपाची धार धरली. तळलेल्या कुरडया, भजी, वर आणखी पोळी. मी स्वतः आग्रहाला उभा. व्याही गप्प. एक पोळी, दोन, चार. कपाळावर घाम, पण तोंडातून शब्द नाही. आठवी पोळी वाढली तेव्हा त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की बैलालासुद्धा दया आली असती. मला आली नाही.

तेवढ्यात माझी म्हातारी आत्या बाळाला घेऊन बसली, बोट मधात बुडवले आणि बाळाच्या ओठांकडे नेऊ लागली. व्याह्यांचा घास हातातच राहिला. डोळे मोठे झाले. मान हलायला लागली, मिशा थरथरायला लागल्या, पण शब्द दिलेला. ते आत्याकडे बघत, मग माझ्याकडे, मग आत्याकडे. एखाद्याचे घर जळते आहे आणि तोंड बांधलेले आहे, तसा तो माणूस दिसत होता. मला हसू यायला हवे होते. त्याऐवजी माझ्याच तोंडून निघाले, "आत्या, मध नको! दात येईस्तोवर आईचंच दूध! आणि आईला दुप्पट!"

सगळी पंगत माझ्याकडे बघायला लागली. गफूरभाई मागून म्हणाला, "घ्या! इवायाचं वारं ह्यांना बी लागलं!" असा हशा पिकला की बाळ रडायला लागले. व्याही खाली मान घालून आठवी पोळी खात होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

दुपारी त्यांना मोटारीच्या थांब्यावर पोचवायला गेलो. ते पोटावर हात ठेवून सावकाश चालत होते. पंगत उठून तास झाला होता, तरी बोलेनात. शेवटी मीच म्हणालो, "अहो, सौदा संपला. बोला आता. तूप जास्त होतं म्हणा, मैदा वाईट म्हणा, काहीतरी म्हणा."

ते म्हणाले, "पोळी चांगली होती. हिची आई अशीच करायची."

सुनेच्या आईला मी पाहिले नव्हते; सून लहान असतानाच ती गेली एवढे माहीत होते. व्याही रस्त्याकडे बघत म्हणाले, "दुसऱ्या खेपेला गेली. डॉक्टर म्हणाला, अंगात रक्तच नव्हतं. व्याहीबुवा, तेव्हा मी खेचरांना रोज हरभरा तोलून द्यायचो. गाभण घोडीचा शिधा वेगळा, कामाच्या घोडीचा वेगळा. मूठभर कमी पडला तर साहेबापुढं जाब. घरी येऊन ताटावर बसायचो, पोटभर जेवायचो. ती मागं काय जेवते ते एकदा भांड्यात डोकावून पाहिलं नाही." मग मोटार आली. ती काळा धूर सोडत होती. चढताना त्यांनी सवयीने माझ्या डोळ्याखाली अंगठा नेला, पण पापणी ओढली नाही. नुसता गाल थोपटला.

मी घरी आलो. पाहुणे पांगले होते, बाळ-बाळंतीण झोपली होती. मी कधी नव्हे तो स्वयंपाकघरात गेलो. कारभारीण चुलीपुढे एकटी बसली होती. पुढ्यात शिळ्या भाकरीची चतकोर आणि वाटीभर कटाची आमटी.

"पोळी?" मी विचारले.

"सरल्या."

"तुला नाही ठेवली?"

"आठ तर इवायांनीच खाल्ल्या, तुमीच वाढायला लावल्या की," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागले. "आन मला कधी राहतीया? तीस वरसं झाली. आज इचारताय व्हय?"

मी फळीवरचे डबे उघडून पाहिले. कशात काय असते ते मला माहीत नव्हते. एका डब्यात गूळ सापडला, दुसऱ्यात शेंगदाणे. मूठभर आणून तिच्या ताटात ठेवले. दुधाचे पातेले शोधायला गेलो तर ते पालथे घातलेले होते. मग तिच्या समोर पाट ओढून बसलो.

"आवं, असं टक लावून बघू नका," ती म्हणाली. "घास उतरंना."

मी तोंड भिंतीकडे केले. पण तिचे होईपर्यंत उठलो नाही.